ध्रुवीय सील व बदलता समुद्र

ध्रुवीय सील : उत्तर व दक्षिण ध्रुवप्रदेशांतील समुद्रांत राहणारे मांसाहारी सस्तन प्राणी. अन्न पाण्यात मिळवतात, पण विण्यासाठी बर्फावर किंवा किनाऱ्यावर येतात. आर्क्टिकमध्ये रिंग्ड, बिअर्डेड, हार्प, हुडेड, रिबन व स्पॉटेड या सहा जातींचे जीवन समुद्री बर्फाशी बांधलेले आहे. अंटार्क्टिकात वेडेल, क्रॅबईटर, लेपर्ड व रॉस या चार जातींचे. यांखेरीज दक्षिणेकडील हत्ती सील व अंटार्क्टिक फर सील हे थंड बेटांच्या किनाऱ्यांवर वितात आणि अन्नासाठी दक्षिण महासागर पालथा घालतात. तापमानवाढीचा परिणाम या सर्वांवर सारखा होत नाही. भक्ष्य कोठे आणि किती खोलवर शोधायचे याबाबतीत सील बरेच लवचीक आहेत. कोठे आणि कधी व्यायचे याबाबतीत मात्र फारच थोडे. त्यांच्या भवितव्याचा विचार करताना हा फरक सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

शरीराची तयारी : कातडीखालचा चरबीचा जाड थर थंडीपासून बचाव करतो आणि उपासाच्या दिवसांत शिदोरीही पुरवतो. सील ऑक्सिजन फुफ्फुसांत कमी आणि रक्तात व स्नायूंत जास्त साठवतात. खोल बुडी मारताना फुफ्फुसे दबून मिटतात, हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्त मुख्यतः मेंदूकडे व हृदयाकडे वळते. १९६० च्या दशकात जेराल्ड कूयमन यांनी मॅकमर्डो सामुद्रधुनीत वेडेल सीलच्या पाठीवर खोली व वेळ नोंदणारी उपकरणे बसवली, तेव्हा या क्षमतेचा खरा अंदाज आला. वेडेल सील ९०० मीटरांहून खोल गेल्याच्या आणि ९६ मिनिटे पाण्याखाली राहिल्याच्या नोंदी आहेत. भक्ष्य खोल पाण्यात सरकले, तर त्याच्यामागे जाण्याची ताकद या प्राण्याजवळ आहे. अडचण येते ती पृष्ठभागावर.

वेडेल सील : माणूस वगळता सर्वांत दक्षिणेकडे राहणारा हा सस्तन प्राणी. किनाऱ्याला घट्ट चिकटलेल्या, न हलणाऱ्या बर्फावर मादी वसंतात एकाच पिल्लाला जन्म देते आणि सुमारे सहा आठवडे पाजते. वर येऊन श्वास घेण्यासाठी बर्फातले भोक उघडे ठेवावे लागते. त्यासाठी सील तोंड उघडून, डोके डावीउजवीकडे झपाट्याने फिरवत, पुढे झुकलेल्या वरच्या दातांनी भोकाची कड किसून काढतो. हे काम हिवाळाभर चालते. त्यात दात झिजतात. दात झिजलेल्या वयस्क सीलला भोक राखता येत नाही आणि भक्ष्यही नीट धरता येत नाही. इतकी किंमत देऊन जो प्राणी बर्फाखाली टिकला, त्याला बर्फाशिवाय जगायला सांगणे म्हणजे त्याची सारी कमाई निरुपयोगी ठरवणे होय.

मॅकमर्डोजवळच्या एरेबस उपसागरातील वेडेल सीलांना १९६८ पासून खुणेचे बिल्ले लावले जातात. सस्तन प्राण्यांच्या सर्वांत दीर्घ चाललेल्या अभ्यासांत याची गणना होते. तेथे निसर्गानेच एक प्रयोग घडवला. मार्च २००० मध्ये रॉस हिमपट्टातून बी-१५ हा प्रचंड हिमनग तुटला. त्याने व त्याच्या जोडीच्या हिमनगांनी काही वर्षे मॅकमर्डो सामुद्रधुनीचे तोंड अडवून धरले. बर्फ फुटून बाहेर जाईना, तो साचून जाड होत गेला, आणि पिल्लांची संख्या झपाट्याने उतरली. मात्र प्रौढ माद्या मोठ्या प्रमाणावर मेल्या नाहीत. अनेकींनी त्या वर्षांत विणेच टाळले. हिमनग सरकल्यावर वीण पुन्हा सावरली. दीर्घायुषी प्राण्याची ही खरी ढाल आहे : वाईट वर्ष सोडून द्यायचे, चांगल्या वर्षाची वाट पाहायची. वाईट वर्षे ओळीने येऊ लागली की ही ढाल कामाची राहत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीच्या हिवाळी बर्फाचा कमाल विस्तार सुमारे १.७ कोटी चौ. किमी. एवढाच भरला. उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक होता.

उपग्रहचित्रांत स्वयंसेवकांच्या मदतीने वेडेल सील मोजून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत माद्यांची संख्या सुमारे २ लाख आढळली. जुन्या अंदाजांपेक्षा ती बरीच कमी आहे. पण जुने अंदाज वेगळ्या पद्धतीने काढलेले असल्यामुळे या आकड्यावरून घट झाली असे म्हणणे योग्य ठरणार नाही.

रिंग्ड सील : आर्क्टिकमधील सर्वांत लहान सील, अंगावरच्या फिकट कड्यांवरून हे नाव पडले. ध्रुवीय अस्वलाचे हे मुख्य भक्ष्य. पुढच्या पायांच्या बळकट नखांनी हा बर्फात श्वासाची अनेक भोके राखतो. त्यांपैकी एखाद्या भोकावर वाऱ्याने हिमाचा ढीग साचला की मादी खालून वर येऊन त्या ढिगात बीळ कोरते. पिल्लू तिथेच जन्मते. त्याच्या अंगावरचे पांढरे मऊ केस कोरडे असेपर्यंतच ऊब देतात. ते भिजले आणि वर वारा लागला की पिल्लू गारठते. बिळाचे छत त्याला थंडीपासून वाचवते आणि काही प्रमाणात अस्वलाच्या व कोल्ह्याच्या नजरेपासूनही.

या जातीचे सगळे गणित हिमाच्या त्या छतावर उभे आहे. बर्फ उशिरा धरला तर हिम साचायला पक्का पाया मिळत नाही आणि पडलेले बरेचसे हिम समुद्रात विरून जाते. वसंत लवकर आला तर दूध तुटण्याआधीच छत ढासळते. सर्वांत वाईट म्हणजे हिमावर पडणारा पाऊस. १९७९ च्या वसंतात कॅनडातील बॅफिन बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर अवेळी पाऊस झाला, बिळे कोसळली आणि उघड्यावर पडलेली पिल्ले अस्वलांच्या तावडीत सापडली. तेव्हा ही घटना अपवाद म्हणून नोंदली गेली. १९७९ नंतरच्या चार दशकांत आर्क्टिकचे तापमान जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने वाढले आहे आणि तेथे हिमाऐवजी पाऊस पडण्याचे दिवसही वाढत आहेत. अमेरिकेने आर्क्टिक रिंग्ड सीलला २०१२ मध्ये धोक्यातील प्राण्यांच्या कायद्याखाली संरक्षण दिले. त्या वेळी सीलांची संख्या मोठीच होती. निर्णयाचा आधार होता तो पुढे नाहीशा होणाऱ्या बर्फाचा.

स्वालबार्डमधील बदल : नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्योर्डांतील (चिंचोळ्या, खोल खाड्यांतील) बर्फ २००६ च्या सुमारास एकाएकी घटला आणि पूर्वीसारखा परतला नाही. सीलांना लावलेल्या प्रेषकांच्या त्याआधीच्या व नंतरच्या नोंदी ताडून पाहता बदल स्पष्ट दिसला. बर्फाच्या कडेपर्यंत जाणारे रिंग्ड सील आता अधिक दूर पोहतात, बुड्यांत अधिक वेळ घालवतात आणि विसावा कमी घेतात. किनाऱ्यालगत राहणारे सील समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्यांच्या तोंडाशी भक्ष्य शोधतात, कारण हिमनदीखालून येणारे वितळपाणी लहान जीवांना वर उचलून आणते. काही ठिकाणी रिंग्ड सील ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर व चिखलावर, हार्बर सीलांच्या शेजारी विसावलेले आढळले; या जातीत जमिनीवर येण्याची सवय पूर्वी जवळपास नव्हती. बिअर्डेड सीलच्या माद्या समुद्री बर्फ नसेल तेथे हिमनदीतून तुटलेल्या तुकड्यांवर व्याल्याचे दिसले. ही लवचिकता दाद द्यावी अशीच आहे. पण खडकावर हिमाचे बीळ होत नाही, आणि समुद्राला भिडणाऱ्या हिमनद्याही मागे हटत आहेत. हा निवारा फार काळ पुरणारा नव्हे.

सायमा तलाव : फिनलंडमधील सायमा तलावात रिंग्ड सीलची एक उपजाती शेवटच्या हिमयुगानंतर जमीन वर उचलली जाऊन समुद्रापासून तुटली आणि गोड्या पाण्यात राहिली. १९५५ मध्ये तिला संरक्षण मिळाले. एके काळी २०० च्याही खाली गेलेली तिची संख्या आता ५०० च्या आसपास आहे. या सीलांची बिळे बेटांच्या काठांलगतच्या हिमराशींत असतात. हिम पुरेसे न पडलेल्या हिवाळ्यांत स्वयंसेवक व वनखात्याचे लोक तलावाच्या गोठलेल्या पाठीवर जाऊन, काठाजवळ फावड्यांनी हिम ओढून, दाबून लांबट ढीग रचतात. २०१४ च्या कमी हिमाच्या हिवाळ्यात हे काम प्रथमच मोठ्या प्रमाणावर झाले. भोक पाडणे आणि ढिगाच्या पोटात पोकळी कोरणे हे काम सील स्वतः करतात. त्या हिवाळ्यात जन्मलेल्या पिल्लांपैकी बहुतेक अशाच ढिगांत जन्मली. जोडीला वसंतात जाळी टाकण्यावर निर्बंध आहेत, कारण कोवळी पिल्ले जाळ्यांत अडकून गुदमरतात. माणसाने मनावर घेतले तर काय साधते याचे हे उत्तम उदाहरण आहे. पण तलाव लहान, सील मोजके आणि बिळांच्या जागा माहीत आहेत, म्हणून ते साधते. अख्ख्या आर्क्टिक महासागरासाठी असा उपाय करता येणार नाही.

हार्प व हुडेड सील : या दोन जाती तरंगत्या, फुटत्या बर्फावर वितात. अशा जागेचा भरवसा नसल्यामुळे त्यांनी पाजण्याचा काळच आखडून घेतला आहे. हार्प सील सुमारे १२ दिवस पाजतो. हुडेड सील केवळ चार दिवस, जो सर्व सस्तन प्राण्यांत सर्वांत कमी आहे. दूध इतके स्निग्ध, की तेवढ्यात पिल्लाचे वजन दुप्पट होते. मात्र दूध तुटल्यावरही हार्पचे पिल्लू काही आठवडे बर्फावर उपाशी राहून पोहायला शिकते. २०१० व २०११ मध्ये कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातात बर्फ फारच थोडा झाला आणि पिल्लांची मोठी हानी झाली.

दक्षिण जॉर्जियातील फर सील : एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी झालेल्या कत्तलीत फर सील जवळजवळ संपले होते. विसाव्या शतकात ते दक्षिण जॉर्जिया बेटावर मोठ्या संख्येने परतले. त्याच्या टोकाशी असलेल्या बर्ड बेटावर ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेने दशकानुदशके एकेका मादीची नोंद ठेवली आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार क्रिल (कोळंबीसारखे लहान समुद्री जीव) कमी मिळणाऱ्या वर्षांचा परिणाम साचत गेला : पिल्ले जन्मतः हलकी होऊ लागली, माद्या पहिल्यांदा उशिरा विऊ लागल्या आणि त्यांची संख्या घटली. ज्या माद्या टिकून व्याल्या त्यांच्यात जनुकीय विविधता अधिक होती. म्हणजे आईकडून व बापाकडून आलेली जनुके परस्परांहून जास्त वेगळी होती. वरवर पाहता ही जात कणखर होत आहे असे वाटेल. पण आईच्या अंगी असलेली ही विविधता पिल्लाकडे जशीच्या तशी उतरत नाही. तो प्रत्येक पिढीत नव्याने जुळणारा योग आहे. दुबळ्या माद्या गळत जातात, आणि पुढच्या पिढीला ती गळती पुन्हा पहिल्यापासून सोसावी लागते. याला अनुकूलन म्हणणे प्रस्तुत नोंदीच्या लेखकाला मान्य नाही.

हत्ती सील : बर्फावर न विणाऱ्या या जातीची कथा उलट आहे. अंटार्क्टिकातील व्हिक्टोरिया लँडच्या किनाऱ्यावर हत्ती सीलांचे जुने केस व कातडी सापडतात, आज मात्र तेथे त्यांची वसाहत नाही. प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून कळले, की काही हजार वर्षांपूर्वी रॉस समुद्राचा बर्फ मागे हटल्यावर सुमारे २,५०० किमी. दूरच्या मॅक्वारी बेटावरून सील तेथे पोचले, त्यांची भरभराट झाली आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी बर्फ पुन्हा वाढल्यावर ती वस्ती उठली. किनारा मोकळा झाल्यास हत्ती सील तो गाठू शकतात. मात्र दुसरे संकट त्यांच्यावर आधीच कोसळले आहे : २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या व्हाल्देस द्वीपकल्पावर बर्ड फ्लूमुळे त्यांची हजारो पिल्ले, म्हणजे त्या हंगामातील जवळजवळ सारी, मेली. पुढे दक्षिण जॉर्जियातही या रोगाने मोठी हानी केली.

या सीलांचे शास्त्रावरही ऋण आहे. केस झडून नवे आल्यावर त्यांच्या डोक्यावर तापमान, क्षारता व खोली मोजणारे यंत्र चिकटवतात. पुढच्या वर्षी केसांबरोबर ते गळून पडते. सील वर आला की मोजमापे उपग्रहामार्फत पाठवली जातात. ज्या हिवाळी बर्फात जहाजे शिरू शकत नाहीत, तेथली माहिती अशी मिळते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील केप डार्नलीजवळ तळाशी उतरणाऱ्या जड, थंड पाण्याचा उगम सिद्ध करण्यात २०१३ मध्ये या सीलांच्या नोंदी कामी आल्या.

भारताशी संबंध : गोव्यात वास्को येथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र भारताच्या ध्रुवीय मोहिमा चालवते. अंटार्क्टिकातील भारती हे केंद्र प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे आणि केप डार्नली याच उपसागराच्या पश्चिमेला येते. २००८ मध्ये सुरू झालेले हिमाद्री हे केंद्र स्वालबार्डमधील काँग्सफ्योर्डच्या काठी आहे. बर्फ हरवल्यामुळे रिंग्ड सीलांच्या सवयी ज्या फ्योर्डांत बदलल्या त्यांपैकीच हा एक. त्यात २०१४ पासून भारताचे इंडआर्क हे निरीक्षण-उपकरण पाण्याखाली नांगरलेले आहे.

संरक्षण : अंटार्क्टिक सीलांच्या संरक्षणाचा करार १९७२ मध्ये लंडनला झाला आणि १९७८ मध्ये अमलात आला. शिकारीपुरता तो यशस्वी ठरला. आजचे धोके त्याच्या कक्षेबाहेरचे आहेत. क्रॅबईटर सील जवळजवळ क्रिलवरच जगतो. फर सीलही त्यावर अवलंबून आहे, आणि त्याच पाण्यात क्रिलची मासेमारी वाढत आहे. २०२५ च्या हंगामात ६ लाख २० हजार टनांची मर्यादा प्रथमच मुदतीआधी गाठली गेली आणि मासेमारी ऑगस्टमध्येच थांबवावी लागली. बर्फ परत आणणे कोणत्याही एका करारात शक्य नाही. सीलांच्या तोंडचा घास राखणे मात्र लगेच शक्य आहे आणि ते टाळण्याला कोणतेही समर्थन नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने आपल्या लाल यादीत हुडेड सीलला ‘असुरक्षित’मधून ‘संकटग्रस्त’ वर्गात हलवले, तर हार्प व बिअर्डेड सील ‘कमी चिंतेच्या’ वर्गातून ‘संकटसमीप’ वर्गात गेले. या फेरबदलाचे मुख्य कारण समुद्री बर्फाची घट हे दिले आहे.