घरी बनवलेली सिलिकॉन अ‍ॅडल्ट टॉइज : मटेरियल आणि स्वच्छता समजून घ्या

थ्रीडी प्रिंटर स्वस्त झाल्यापासून घरीच साचा बनवून त्यात सिलिकॉन ओतणं हा अनेकांचा छंद झाला आहे. अ‍ॅडल्ट टॉइज हा त्यातलाच एक प्रकार. अमेरिका आणि युरोपात अशी टॉइज हाताने बनवून विकणारे एक-दोन माणसांचे स्टुडिओसुद्धा आहेत. आपल्याकडे हीच वस्तू 'पर्सनल मसाजर' या नावाने मिळते आणि ती नेमकी कशाची आहे, हे विचारायची सोय नसते. पण शरीराच्या आतल्या नाजूक, ओलसर त्वचेला ती लागणार आहे. म्हणून या लेखात लाज बाजूला ठेवून फक्त मटेरियलबद्दल बोलूया.

'स्किन सेफ' म्हणजे नक्की काय?

सिलिकॉनच्या बाटलीवर 'स्किन सेफ' लिहिलेलं दिसलं की बरेच जण निर्धास्त होतात. या दाव्यामागे साधारणपणे आयएसओ १०९९३ मालिकेतल्या चाचण्या असतात, आणि त्या मालिकेतच बाहेरची धड त्वचा आणि आतली ओलसर त्वचा हे दोन वेगळे गट आहेत. संपर्क २४ तासांच्या आतला की जास्त, हेही वेगळं मोजलं जातं. म्हणजे मनगटावर चालणारं मटेरियल आत चालेलच असं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चाचणी होते ती कंपनीने योग्य प्रमाणात मिसळून पूर्ण सेट केलेल्या नमुन्याची. तुमच्या कपातल्या मिश्रणाची नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी टेस्ट झालेली आहे, तुमचा कोड नाही. खास या वस्तूंसाठी २०२१ मध्ये आयएसओ ३५३३ हे मानक आलं आहे. विकायचा विचार असेल तर ते वाचायलाच हवं.

प्लॅटिनम की टिन?

साच्यात ओतायची सिलिकॉन मुख्यतः दोन प्रकारची असतात. प्लॅटिनम क्युअर सिलिकॉनमध्ये दोन भाग एकमेकांशी थेट जोडले जातात, बाहेर काही पडत नाही, त्यामुळे वस्तू जवळजवळ आकसत नाही. टिन क्युअरमध्ये सेट होताना अल्कोहोल बाहेर पडतं, वस्तू थोडी आकसते आणि कथिलाची सेंद्रिय संयुगं आत उरतात. ही संयुगं विषारी आहेत. ग्राहकांच्या वस्तूंमध्ये त्यांच्यावर युरोपात मर्यादा घातलेली आहे. टिन सिलिकॉन काही वर्षांनी ठिसूळही होतं. साचा बनवायला ते उत्तम, टॉय बनवायला अजिबात नाही.

गोम अशी की मेणबत्त्या, साबण आणि रेझिन आर्टच्या साच्यांसाठी आपल्याकडे 'आरटीव्ही सिलिकॉन' म्हणून जे स्वस्तात मिळतं, ते बऱ्याचदा टिनवालंच असतं. एक ढोबळ खूण सांगतो : मोठ्या डब्यासोबत छोटीशी कॅटॅलिस्टची बाटली आणि शेकडा २ ते ५ असं प्रमाण असेल, तर ते टिन समजा. दोन सारखे भाग असतील तर बहुधा प्लॅटिनम. मात्र १० ला १ प्रमाणातली प्लॅटिनम सिलिकॉनही असतात, म्हणून शेवटी डेटाशीटच बघा. दुकानदाराला डेटाशीट देता येत नसेल, तर तिथून घेऊ नका.

सेट न होण्याचा धोका

प्लॅटिनम सिलिकॉन नाजूक प्रकृतीचं आहे. गंधक, कथिल, अमाइन यांच्या संपर्कात आलं की त्याची रासायनिक क्रियाच अडते. गंधक असलेली मॉडेलिंग क्ले, लेटेक्सचे हातमोजे, टिन सिलिकॉनचा साचा हे नेहमीचे गुन्हेगार. रेझिन प्रिंटरवर काढलेला साचाही त्यातच धरा, कारण न वाळलेलं रेझिन हीच खोड करतं. पीएलएचा साचा सहसा त्रास देत नाही. हातमोजे नायट्राइलचे वापरा.

अशा वेळी पृष्ठभाग चिकट राहतो. तो चिकटपणा म्हणजे क्रिया न झालेलं मटेरियल. पावडर लावून किंवा वरून आणखी एक थर देऊन ते झाकायचे उपाय लोक सुचवतात, ते ऐकू नका. वस्तू फेकून द्या. त्याआधी पैसे वाचवायचे असतील तर २० ग्रॅम मिश्रण त्याच साच्याच्या एका कोपऱ्यात लावून बघा.

मोजमाप डोळ्यांनी नको, ०.१ ग्रॅमचा काटा घ्या. कपाच्या कडा आणि तळ खरवडून ढवळा, कारण न मिसळलेला भाग तिथेच लपतो. इकोफ्लेक्स ००-३० चं उदाहरण घेतलं तर पॉट लाइफ ४५ मिनिटं आणि सेट व्हायला ४ तास लागतात. हे आकडे साधारण २३ अंशांचे आहेत. मे महिन्यातल्या दुपारी हातात वेळ बराच कमी असतो.

सेट झाल्यावर डेटाशीटमध्ये दिलेल्या तापमानाला पोस्ट क्युअर करावं. आत उरलेले बाष्पशील घटक त्याने कमी होतात. त्यात डी४, डी५, डी६ ही सिलॉक्सेन असू शकतात आणि युरोपीय संघाने २०१८ मध्ये ती चिंताजनक पदार्थांच्या यादीत घातली. स्वयंपाकाचा ओव्हन मात्र यासाठी नको.

रंग, बुडबुडे आणि धुणं

रंग सिलिकॉनसाठीच बनवलेला घ्या. खायचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, तो नीट मिसळत नाही. ग्लिटर पृष्ठभागावर नको.

सिलिकॉन चांगलं का, तर त्यात सूक्ष्मजीव मुरत नाहीत. स्वस्त जेली आणि टीपीई टॉइज सच्छिद्र असतात, ती धुऊनही पूर्ण स्वच्छ होत नाहीत. पण सिलिकॉनच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे किंवा प्रिंटच्या थरांच्या रेघा असतील, तर हा फायदा बराचसा गेलाच. म्हणून साचा आधी गुळगुळीत घासा आणि मिश्रणातली हवा व्हॅक्यूम चेंबरमध्ये काढा. चेंबर नसेल तर उंचावरून बारीक धारेने ओता. गुदद्वारासाठीच्या टॉयला रुंद तळ हवाच, यात तडजोड नाही.

वापरानंतर कोमट पाणी आणि सौम्य साबण. मोटर किंवा बॅटरी नसेल तर १० मिनिटं पाण्यात उकळा, पूर्ण वाळवा, कापडी पिशवीत ठेवा. जेली टॉइजना चिकटवून ठेवू नका. ल्युब्रिकंट पाण्याचं वापरा, सिलिकॉनचं ल्युब्रिकंट सिलिकॉनमध्ये शिरून ते फुगवू शकतं. दोघांत वापर होत असेल तर प्रत्येक वेळी नवा कंडोम.

आणि ती काडेपेटीची चाचणी? खरं सिलिकॉन जळताना वितळून ठिबकत नाही आणि मागे पांढरी राख राहते, हे बरोबर आहे. त्यातून ते सिलिकॉन आहे एवढंच कळतं. टिन की प्लॅटिनम, रंगात काय आहे, क्रिया पूर्ण झाली का, यातलं काहीही ज्योतीतून दिसत नाही. विकत घेत असाल तर बनवणाऱ्याला सिलिकॉनचा ब्रँड, ग्रेड आणि रंग कोणता हे थेट विचारा. पृष्ठभागावर चीर किंवा ओरखडा दिसला, की ती वस्तू कचऱ्यात.