लारझाकचे पठार

सहलीस जाणे ही गोष्ट कामगाराच्या इतिहासात फार उशिरा आली. फ्रान्समध्ये १९३६ च्या मे-जून महिन्यांत लाखो कामगार कारखान्यांत ठाण मांडून बसले, आणि त्या संपाच्या रेट्याने वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने पदरात पडली. लेओ लाग्रांज नावाच्या तरुण मंत्र्याने त्या रजेसाठी रेल्वेच्या भाड्यात ४० टक्के सूट मिळवून दिली. ते तिकीट खिशात घालून शहरातला फिटर, जॉबर, हमाल बायकामुलांसह आपलाच देश पाहावयास निघाला. पुढे १९५६ मध्ये तिसरा आठवडा मिळाला, १९६९ मध्ये चौथा, १९८२ मध्ये पाचवा. उन्हाळ्यात फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून जी प्रवाशांची रीघ लागते तिच्या मुळाशी तो संप आहे, हे तिथल्या हॉटेलवाल्यांना आठवत असेलच असे नाही.

असो. रजा मिळाली, तिकीट मिळाले. पण जाऊन पाहावयाचे काय? प्रवासाची पुस्तके दोन याद्या देतात, एक निसर्गशोभेची आणि दुसरी ऐतिहासिक स्थळांची. मी आपणांस ज्या मुलखात नेणार आहे तिथे या दोन याद्या निराळ्या ठेवता येत नाहीत. तिथला निसर्ग पुष्कळसा माणसांच्या कष्टाने घडलेला आहे, आणि तिथल्या इतिहासाचे एक मोठे पान आपल्यापैकी अनेकांच्या हयातीत लिहिले गेले आहे.

हा मुलूख म्हणजे दक्षिण फ्रान्समधील लारझाकचे पठार. उत्तरेकडून मोटारीने येणारा प्रवासी तार्न नदीच्या दरीवरचा मियोचा पूल ओलांडून पठाराकडे येतो. २००४ मध्ये खुला झालेला हा पूल सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे, आणि त्याच्या सर्वांत उंच खांबाचे टोक जमिनीपासून ३४३ मीटरवर आहे. पुष्कळ लोक पूल पाहून तसेच पुढे निघून जातात. पूल पाहण्यासारखा आहे खरा, परंतु आपला विषय त्याच्या पलीकडे सुरू होतो.

पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, आणि सारे चुनखडीचे. पाऊस पडतो, पण पडला की दगडाच्या फटींतून खाली उतरतो. वर ओढा टिकत नाही. मधून मधून जमीन खचून खोलगट वाट्या झाल्या आहेत. त्यांत तांबडी माती साचते, आणि तेवढ्यातच काय ते धान्य पिकते. बाकी गवत, दगड आणि वारा. आपल्या माण-खटावच्या धनगराला तिथे नेऊन उतरवले तर भाषा सोडून बाकीचे सारे तो ओळखील. लोकांनी छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवले, आणि मेंढ्यांसाठी दगडी फरसबंदीची गोल, उथळ तळी बांधली. त्यांना तिकडे 'लाव्होन्य' म्हणतात.

हे मोकळे माळ देवाने तसेच दिले, अशी पाहणाऱ्याची समजूत होते. पण मेंढरे चरावयाची थांबली तर थोड्याच वर्षांत झुडपे आणि पाइनची झाडे हा माळ गिळून टाकतील. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्यांच्या तोंडांनी आणि मेंढपाळांच्या पायांनी तो राखला आहे. २०११ साली युनेस्कोने कोस आणि सेव्हेन हा सगळा प्रदेश जागतिक वारसा ठरवला, तोही मेंढपाळीने घडवलेला भूप्रदेश म्हणूनच.

बाराव्या शतकात टेम्पलर नावाच्या धर्मयोद्ध्यांच्या पंथाचा इथे जम बसला. त्यांच्या लढाया पॅलेस्टाइनात आणि कमाई इथल्या मेंढरांवर, असा तो व्यवहार होता! १३१२ मध्ये पोपने तो पंथ मोडला आणि मालमत्ता हॉस्पिटलर पंथाकडे गेली. पंधराव्या शतकात ला कूव्हेर्तुआराद या गावाभोवती जो तट उभा राहिला तो अजून उभा आहे. पंथ बदलले, पुढे राजाही गेला. मेंढ्यांमागे चालणारा मात्र तोच राहिला.

पठाराच्या पश्चिमेस रोकफोर हे गाव आहे. तिथला डोंगर प्राचीन काळी कोसळला आणि त्याच्या ढिगात गुहा झाल्या. त्या गुहांना उभ्या फटी आहेत, आणि त्यांतून थंड, दमट हवा सतत वाहते. मेंढीच्या दुधाचे चीज याच गुहांत मुरवतात. त्यात निळी बुरशी धरते, आणि तीच त्याची चव. १९२५ च्या कायद्याने या नावाला संरक्षण मिळाले. गुहा पाहावयास आलेल्यांना बुरशीची हकीकत सविस्तर सांगतात. त्या गारठ्यात चिजाच्या चक्त्या घासून पुसून फिरवणाऱ्या बायकांनी १९०७ साली संप केला होता, हेही त्यांना सांगावयास हवे. आणखी एक धागा लक्षात घ्या. दूध काढावयाचे तर कोकरू आईपासून लवकर तोडावे लागते. त्या कोवळ्या कातड्यावर मियो गावी हातमोजे शिवण्याचा धंदा वाढला. पॅरिसच्या बाईसाहेबांच्या ताटातले चीज आणि हातातला मोजा, दोन्ही एकाच मेंढीच्या संसारातून आले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ला काव्हालरी या गावाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे ३,००० हेक्टरांची लष्करी छावणी होती. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी जाहीर केले की ती १७,००० हेक्टर करावयाची. शेतकऱ्यांना कुणी विचारले नव्हते. तिथे थोडेसे लोक कशीबशी मेंढरे पाळतात आणि मध्ययुगातल्यासारखे जगतात, अशा अर्थाचे उद्गार त्याच खात्याच्या एका उपमंत्र्याने काढले होते. वास्तविक त्यांच्यापैकी अनेकांच्या वाड्यांत दूध काढण्याची यंत्रे बसली होती. जमीन हवी असली की तीवरचा माणूस मागासलेला ठरतो. ही रीत काही एका देशाची नाही.

हे मेंढपाळ क्रांतिकारक नव्हते. बहुतेक भाविक कॅथलिक, चर्चला जाणारे, मतही उजवीकडे देणारे. त्यांच्या शेजारी, पठाराच्या कडेला, लांझा देल व्हास्तो हा इटलीत जन्मलेला गृहस्थ आपल्या शिष्यांसह राहत असे. हा मनुष्य १९३७ मध्ये आपल्या वर्ध्यास गांधीजींकडे येऊन राहिला होता, आणि गांधीजींनी त्याचे नाव शांतिदास ठेवले होते. १९७२ च्या वसंतात त्याने ला काव्हालरी येथे १५ दिवसांचे उपोषण केले. दोन बिशपही काही काळ त्यात सामील झाले. शेतकरी आळीपाळीने येऊन बसत, एकमेकांशी बोलत. आणि २८ मार्च १९७२ रोजी १०३ शेतकऱ्यांनी लेखी शपथ घेतली की लष्कराला आपली जमीन विकावयाची नाही.

पुढे जे घडले त्यातले देखावे सर्वांना आवडतात. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी साठ मेंढ्या पॅरिसला नेऊन आयफेल मनोऱ्याखाली चरावयास सोडल्या. जानेवारी १९७३ मध्ये ट्रॅक्टर पॅरिसकडे निघाले आणि ऑर्लेआं येथे अडवले गेले. १९७८ मध्ये ७१० किलोमीटर चालत राजधानी गाठली. पण संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला खरे अवघड वाटते ते दुसरेच. एकेकट्याला गाठून भाव वाढवून देणे ही युक्ती आम्ही चांगली ओळखतो. तीपुढे त्या १०३ जणांची शपथ दहा वर्षे टिकली. बाहेरून नाना रंगांचे झेंडे मदतीला आले. सल्ला सर्वांचा ऐकला, निर्णय मात्र स्वतःच्या बैठकीतच घेतला. समर्थकांना जमिनीचे लहान लहान भाग विकून हजारो सहमालक केले, म्हणजे सरकारला एकेकावर नोटीस बजावीत बसावे लागेल! १९७५ च्या मार्चमध्ये ला ब्लाकिएर वाडीतल्या एका शेतकऱ्याच्या घरावर रात्री बॉम्बस्फोट झाला. मुलेबाळे घरात होती. सुदैवाने कुणी दगावले नाही. शपथ मोडली नाही.

कामगारही आले. बझाँसों येथील लीप घड्याळ कारखाना बंद पडू लागला तेव्हा तिथल्या कामगारांनी तो ताब्यात घेऊन स्वतः घड्याळे करून विकली. त्यांची माणसे १९७३ च्या ऑगस्टमध्ये लारझाकच्या मेळाव्यास हजर होती. भरपगारी रजेच्या दिवसांत पठार पाहावयास येणारा कामगार या खेपेस पाहुणा म्हणून आला नव्हता. देशभरच्या लोकांनी आपल्या करातले ३ टक्के संरक्षण खात्याला न देता इकडे वळवले, आणि त्या पैशातून ला ब्लाकिएर येथे सरकारी परवान्याशिवाय मेंढ्यांचा एक भलामोठा दगडी वाडा १९७३ ते १९७६ या काळात स्वयंसेवकांच्या हातांनी उभा राहिला. प्रवासाच्या पुस्तकात तटबंदीला दोन पाने मिळतात. या वाड्याला निदान एक मिळावे, असे माझे मत आहे.

१० मे १९८१ रोजी मितराँ अध्यक्षपदी निवडून आले आणि जूनमध्ये छावणीचा विस्तार रद्द झाला. लष्कराने तोवर घेतलेल्या जमिनीचे काय करावयाचे, हा प्रश्न उरला. १९८५ मध्ये सुमारे ६,३०० हेक्टर शेतकऱ्यांच्या एका संस्थेकडे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने सोपवण्यात आली. मालकी सरकारची, कसणार शेतकरी. तो कामातून निवृत्त झाला की घर आणि जमीन संस्थेकडे परत येते आणि पुढच्या कष्टकऱ्याला मिळते. शहरातल्या श्रीमंताला सुट्टीतले घर म्हणून ते विकत घेता येत नाही. भोवतालच्या देशात कितीतरी सुंदर खेडी अशा घरांमुळे हिवाळ्यात ओस पडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या व्यवस्थेची किंमत कळते.

मूळची ३,००० हेक्टरांची छावणी मात्र हटली नाही. २०१६ पासून तिथे फॉरेन लीजनची पलटण आहे. ला काव्हालरीच्या तटाआड प्रवाशांना टेम्पलरांच्या गोष्टी सांगतात, आणि गावाला लागूनच छावणीची हद्द सुरू होते.