निहाली भाषा आणि शाळा
बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत बोलली जाणारी आदिवासी भाषा. निहालीचे नाते कोणत्याही भाषाकुलाशी निर्विवाद जुळलेले नाही. तिच्यात कोरकू शब्दांचा मोठा भरणा आहे. दोन ते चार हे आकडे द्राविडी वळणाचे, पाचापासून पुढचे मात्र आर्यभाषांतून घेतलेले. एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. भाषकसंख्या सुमारे दोन हजार धरली जाते. दहा हजारांखालच्या भाषा जनगणना स्वतंत्रपणे दाखवत नसल्याने सरकारी तक्त्यात ती दिसतच नाही. बहुतेक निहालांना कोरकूही येते, त्यामुळे त्यांची गणना कोरकूंतच उरकली जाते.

संविधानाचा अनुच्छेद ३५० क (१९५६) भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगतो. शिक्षणहक्क कायदाही (२००९) तेच म्हणतो, पण ‘व्यवहार्य असेल तितपत’ ही पळवाट ठेवून. निहालीला स्वतःची लिपी नाही. पोर पहिलीत बसते ते थेट मराठी बाराखडीपुढे. मराठीला अभिजात दर्जा मिळाला (२०२४), तेव्हाही या शेजारणीची चर्चा फारशी झाली नाही.