प्रस्तावना : मूल कोणाच्या ताब्यात?

राहुरीसारख्या तालुक्याच्या गावात खेळ शिकवणारी माणसं नाना तऱ्हेची. शाळेत पीटीचे सर, तालमीत वस्ताद, नगर-मनमाड रस्त्याच्या कडेनं पहाटे पोरं पळवणारे भरती अकॅडमीचे सर. आणि विहिरीत पोहायला शिकवणारा बहुधा सख्खा चुलता. कुणाकडे बी.पी.एड.ची पदवी असते, कुणी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेऊन आलेला असतो, बाकीचे उमेदीच्या काळात मारलेल्या मैदानांच्या पुण्याईवर शिकवतात. इतक्या वेगवेगळ्या माणसांना जबाबदारीचं एकच माप कसं लावायचं, इथून या विषयाची सुरुवात होते.

उत्तर वाटतं तितकं अवघड नाही. पदवी आहे का, फी घेतली का, हे प्रश्न कायद्याला महत्त्वाचे असले तरी पहिले नाहीत. त्या वेळी मूल कोणाच्या ताब्यात होतं, हे तो आधी विचारतो. १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि १४ मुलं बुडाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शाळेला जबाबदार धरून प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम केली. मूल जितकं लहान, तितकी सोबतच्या शिक्षकाची काळजी मोठी, हे त्या निकालाचं सार. सहलीच्या जागी पोहण्याचा वर्ग ठेवा, कुस्तीचा आखाडा ठेवा. तत्त्व तेच राहतं.

खेळ म्हटला की दुखापत आलीच, असं आपण म्हणतो. ते खरंही आहे. कबड्डीत पकड होताना गुडघा मुरगळला तर तो खेळाचा भाग. पण ताप असलेल्या मुलाला मैदानात उतरवलं आणि तो कोसळला, तर तो खेळाचा भाग नव्हे. खेळाडूनं खेळाचा धोका पत्करलेला असतो, शिकवणाऱ्याचा निष्काळजीपणा पत्करलेला नसतो. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार दगावले. उन्हाची वेळ, पाण्याची सोय, वैद्यकीय तपासणी या साध्यासुध्या गोष्टींवर तेव्हा राज्यभर चर्चा झाली. आज शिपाईपदासाठी पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं; तयारी करून घेणाऱ्यांनी मात्र ती चर्चा विसरू नये. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मारण्याचा प्रश्न अधिक नाजूक. ‘वस्तादांचा मार खाल्ला म्हणून घडलो’ असं सांगणारे जुने मल्ल गावोगाव भेटतात, आणि त्यांच्या कृतज्ञतेवर शंका घेण्याचं कारण नाही. पण ही साक्ष टिकून राहिलेल्यांची आहे. मार खाऊन ज्यांनी तालीम सोडली, त्यांना कुणी विचारलेलं नाही. कायद्यानं तरी हा वाद मिटवला आहे : शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी घालतं, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेतल्या माणसानं क्रूरता केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

यापुढचं प्रकरण लैंगिक अत्याचाराचं. ते बोलायला अवघड, म्हणूनच त्यावर सगळ्यात जास्त बोलायला हवं. पॉक्सो कायदा २०१२ चा. त्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलामुलीची ‘संमती’ मुळात ग्राह्यच धरली जात नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूंबाबत प्रशिक्षकांना अशाच बंधनाखाली आणायला २०२२ उजाडलं. पॉक्सोचा दुसरा भाग मात्र आपल्याकडे कमी माहीत आहे : अत्याचार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. संस्थाचालकाला त्यासाठी वर्षभराची कैद होऊ शकते. ‘मुलीच्या अब्रूचा प्रश्न आहे, आपसात मिटवू’ म्हणणारा सज्जन कार्यवाह त्या क्षणी आरोपी होतो. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानं क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा ‘कामाचं ठिकाण’ ठरवली, तरी २०२३ मध्ये देशातल्या नामवंत महिला कुस्तीगिरांना दाद मागायला जंतरमंतरवर बसावं लागलं. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या अकॅडमीतली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे तालुक्याच्या गावी किती जणांना ठाऊक आहे?

कायद्याचा हात जिथं पोचत नाही, तिथं नीतीचं काम सुरू होतं. खालच्या वजनगटात बसावा म्हणून पोराचं पाणी तोडणं, एका वर्षासाठी जन्मतारखेत फेरफार, नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी न खेळलेल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र. यातलं काही थेट गुन्ह्यात मोडतं, काही मोडत नाही. पण मुलाला सगळ्यातून एकच धडा मिळतो. खुराकाच्या नावाखाली दिलेल्या इंजेक्शनचंही तेच, फक्त तिथं उत्तेजकविरोधी नियम खेळाडूबरोबर प्रशिक्षकालाही पकडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, अहिल्यानगरला, महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेच्या गादीवर पंचाला लाथ बसली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. चर्चा मल्लांची झाली, पंचांच्या निर्णयाचीही झाली. हरणं कसं पचवायचं हे शिकवण्याचं काम कोणाचं, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. माझ्या मते त्या संध्याकाळचा खरा प्रश्न तोच होता.

हा विषय वकिलांचा आहे असं समजून बिचकू नका. कलमांचे आकडे पाठ नसले तरी चालतील. पुढची प्रकरणं वाचताना आपली तालीम, आपलं मैदान डोळ्यांसमोर ठेवा आणि जिथं पटणार नाही तिथं भांडा. फक्त एक काम पुस्तक संपण्याची वाट न पाहता करा : चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांना सहज दिसेल अशा भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून टाका.