वेअरहाऊसची रात्र : शिकागोतील एक भूमिगत क्लब आणि संगीतप्रकारांच्या सीमा (१९७७–१९८२)

प्रस्तावना

संगीताचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष प्रामुख्याने रचनाकार, गायक व ध्वनिमुद्रिका यांकडे जाते. इतरांच्या मुद्रिका एकापाठोपाठ एक वाजवून लोकांना रात्रभर नाचविणारा डीजे या इतिहासात सहसा तळटीपेपुरता उरतो. अमेरिकेतील शिकागो शहरात डीजेने केलेली संगीतप्रकारांची सरमिसळ ही केवळ अभिरुचीची बाब नव्हती, तर ती एक सामाजिक कृती होती, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वर्गीकरण आणि वर्णभेद

अमेरिकेत संगीतप्रकारांची नावे वर्णभेदापासून अलिप्त नव्हती. 'बिलबोर्ड' या व्यावसायिक नियतकालिकात १९४५ पासून कृष्णवर्णीयांच्या संगीताची यादी 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने छापली जाई. १९४९ मध्ये ते नाव जाऊन 'रिदम अँड ब्लूज' आले. मात्र १९८२ मध्ये याच यादीला 'ब्लॅक सिंगल्स' असे नाव देण्यात आले. नावे बदलली, विभागणी कायम राहिली.

क्लबमधील वादन

१९७७ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी न्यूयॉर्कचे डीजे फ्रँकी नकल्स (१९५५–२०१४) यांना शिकागोत आणले. २०६, साउथ जेफरसन स्ट्रीट येथील जुन्या औद्योगिक इमारतीत भरणाऱ्या 'वेअरहाऊस'मध्ये प्रामुख्याने कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाचे समलैंगिक तरुण जमत. गौरवर्णीय समलैंगिकांच्या बारमध्येही यांपैकी अनेकांना दारातच अडविले जाई. येथे मद्याऐवजी फळांचा रस मिळे आणि शनिवारची रात्र रविवारपर्यंत चाले. फिलाडेल्फियाचे सोल, गॉस्पेलच्या वळणाचे डिस्को आणि युरोपातील इलेक्ट्रॉनिक संगीत नकल्स एकाच ओघात वाजवीत. त्यासाठी दोन तबकड्यांची लय जुळविली जाई. तर फीत कापून व जोडून गाण्यातील तालाचा भाग लांबविला जाई.

१२ जुलै १९७९ आणि नंतर

त्या दिवशी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात, रेडिओ निवेदक स्टीव्ह डाल यांनी डिस्कोच्या मुद्रिकांचा ढीग स्फोटाने उडविला. जमाव मैदानात घुसल्याने दुसरा सामना होऊ शकला नाही. त्या वेळी मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करणारे कृष्णवर्णीय तरुण व्हिन्स लॉरेन्स यांनी पुढे सांगितले की, लोकांनी आणलेल्या अनेक मुद्रिका डिस्कोच्या नव्हत्याच. त्या केवळ कृष्णवर्णीय कलावंतांच्या होत्या. ही साक्ष महत्त्वाची आहे. वर्गीकरणाचे नाव कोणतेही असो, रोष कोणावर होता हे तीतून उघड होते.

यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरविली. नव्या मुद्रिकांचा ओघ आटल्यामुळे नकल्स यांना जुन्या गाण्यांची नव्याने मांडणी करणे व अन्य प्रकारांकडे वळणे अधिकच आवश्यक झाले. या वादनाला क्लबच्याच नावावरून 'हाऊस' ही संज्ञा मिळाली. १९८४ मध्ये जेसी साँडर्स यांची 'ऑन अँड ऑन' ही मुद्रिका आली. हाऊसच्या पहिल्या मुद्रिकांत गणल्या जाणाऱ्या या रचनेत लॉरेन्स यांचाही सहभाग होता.

समारोप

२००४ मध्ये जेफरसन स्ट्रीटच्या एका भागाला नकल्स यांचे नाव देण्यात आले आणि २०२३ मध्ये शिकागो नगरपरिषदेने वेअरहाऊसच्या इमारतीला वारसावास्तूचा दर्जा दिला. भिंतींचे जतन यातून साधले; परंतु त्या भिंतींआड घडलेल्या रात्री लिखित साधनांत फारशा उतरलेल्या नाहीत. त्यामुळे क्लबवरून पडलेली संज्ञा आणि तेथे नाचलेल्यांच्या आठवणी हीच इतिहासाची प्रमुख साधने ठरतात. बाहेर ज्यांना वेगळ्या यादीत टाकले गेले, त्यांनी आत एकही यादी मानली नाही, हेच या रात्रींचे ऐतिहासिक मोल होय.