माहुली येथील राजसमाध्या

माहुली येथील राजसमाध्या : सातारच्या छत्रपती घराण्याचे दहनस्थान आणि समाधिस्थळ. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी वेण्णा नदी जावळी तालुक्यात मेढ्यावरून वाहत येते, कण्हेरच्या धरणातून सुटते, साताऱ्याच्या उत्तरेने वळसा घेते आणि शहरापासून सुमारे ५ किमी.वर कृष्णेला मिळते. या संगमावर कृष्णेच्या पश्चिम तीरास संगम माहुली आणि पूर्व तीरास क्षेत्र माहुली अशी दोन गावे आहेत. राजधानीजवळचे तीर्थ म्हणून सातारकर छत्रपतींच्या घराण्यातील अंत्यसंस्कार येथे होत गेले. साताऱ्याची कैलास स्मशानभूमीही संगम माहुलीलाच आहे, त्यामुळे या जागेचा मूळ वापर आजतागायत चालू आहे. अभ्यासकाने येथे येताना हे आधी ध्यानात घ्यावे.

इजिप्तमधील राजथडग्यांचे उत्खनन वाचलेल्या वाचकाच्या मनात राजाच्या चिरविश्रांतीच्या जागेचे एक ठरलेले चित्र असते : डोंगरात कोरलेली दालने, मसाले भरून टिकवलेला देह, सोबत पुरलेली संपत्ती. हॉवर्ड कार्टरला नोव्हेंबर १९२२ मध्ये राजांच्या दरीत सापडलेली तुतनखामेनची कबर हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तेथे राजाचे नाव लंबगोल चौकटीत जागोजागी लिहिलेले असते. ते वाचले की ओळख बरीचशी पक्की होते. मराठा राजसमाधीची परिस्थिती याच्या उलट आहे. देह अग्नीच्या स्वाधीन केलेला, अस्थी नदीत सोडलेल्या, सोबत पुरलेले असे काही नाही. मागे उरतो तो दहनाच्या जागी बांधलेला चौथरा. त्यावर शिवलिंग, पादुका किंवा तुळशीवृंदावन असते आणि ऐपतीप्रमाणे घुमटी किंवा छत्री उभारलेली असते. मृताचे नाव दगडावर कोरण्याची पद्धत जवळजवळ नव्हतीच, कारण समाधीची ओळख तेथल्या पूजेने टिकत असे. पुजारी, दिवाबत्ती आणि इनाम ही साखळी तुटली की दोन-तीन पिढ्यांत चौथरा अनामिक होतो. माहुलीच्या अभ्यासातला कळीचा प्रश्न हाच आहे.

शाहू महाराज (थोरले) १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात निवर्तले. त्यांच्यामागे राणी सकवारबाई माहुलीला सती गेल्या. पेशवा बाळाजी बाजीराव याच्याशी चाललेल्या सत्तासंघर्षातून त्यांच्यावर तसा दबाव आला, असे ग्रँट डफने नोंदवले आहे. डफ १८१८ नंतर साताऱ्याला रेसिडेंट होता आणि त्याचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. साताऱ्यातील कागद आणि माणसे त्याच्या हाताशी होती. पण पेशव्यांची सत्ता बुडवलेल्या कंपनी सरकारचा तो अधिकारी होता, हे विसरून त्याचा मजकूर वापरू नये.

शाहू महाराजांच्या आई येसूबाई यांचीही समाधी माहुलीला आहे. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर त्या मोगलांच्या कैदेत गेल्या. पेशवा बाळाजी विश्वनाथाच्या दिल्लीच्या मोहिमेनंतर १७१९ मध्ये त्यांची सुटका झाली. सुमारे तीस वर्षे कैदेत काढलेल्या या राणीचा शेवटचा काळ साताऱ्यात गेला. पुढे त्यांची समाधी नेमकी कोणती, याचे विस्मरण झाले. अलीकडच्या काळात साताऱ्यातील इतिहास अभ्यासकांनी जुने कागद आणि प्रत्यक्ष जागेची पाहणी यांचा मेळ घालून ती निश्चित केली. मराठ्यांच्या इतिहासातील एवढी मोठी व्यक्ती, आणि तिच्या समाधीची ओळख स्थानिक मंडळींना चिकाटीने परत मिळवावी लागली, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई यांचे निधन डिसेंबर १७६१ मध्ये, पानिपतानंतर वर्षभराच्या आत झाले. औरंगजेबाशी सात वर्षे लढा चालवणाऱ्या आणि पुढे पुतण्या शाहू महाराजांशी गादीसाठी भांडलेल्या या राणीची समाधी अखेर त्याच पुतण्याच्या समाधिस्थळी, माहुलीला झाली. घराण्याच्या कोल्हापूरच्या शाखेच्या समाध्या पंचगंगेच्या घाटावर आहेत. खुद्द शिवछत्रपतींची समाधी रायगडावर, तर राजाराम महाराजांची सिंहगडावर आहे. म्हणजे जेथे मृत्यू आला तेथे समाधी, ही आधीची रीत साताऱ्यात राजधानी स्थिरावल्यावर बदलली आणि एका घराण्याची एक ठरलेली जागा तयार झाली.

या परिसरात एका कुत्र्याचीही समाधी आहे. शाहू महाराजांचा हा आवडता कुत्रा लोकांत खंड्या या नावाने ओळखला जातो. शिकारीत वाघापासून महाराजांचा जीव त्याने वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला. एकदा दरबारात त्याला जरीचा पोशाख आणि दागिने चढवून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, अशी हकीकत डफने दिली आहे. या समाधीकडे गंमत म्हणून पाहू नये. राजाच्या मरणस्थळी इमानी जनावराला जागा देण्याची कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमध्ये अबिडॉस येथे पहिल्या राजवंशाच्या थडग्यांच्या आवारात कुत्र्यांच्या लहान स्मारकशिळा मिळाल्या आहेत. माहुलीत वाट विचारली तर राणीच्या समाधीआधी कुत्र्याची समाधी दाखवली जाण्याचा संभव अधिक, कारण गोष्ट जिवंत राहिली की जागाही राहते.

समाध्यांच्या भोवतीची देवळे मात्र दिमाखदार आहेत. विश्वेश्वराचे मोठे मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी सुमारे १७३५ मध्ये बांधले. पलीकडच्या तीरावर रामेश्वराचे मंदिर आणि घाट आहे. माहुलीचे नाव इतिहासात इतर कारणांनीही येते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे मूळचे येथलेच. १८१७ मध्ये पेशवा दुसरा बाजीराव आणि कंपनीचे अधिकारी सर जॉन माल्कम यांची भेट याच गावी झाली.

नदीचे काम येथे दुहेरी आहे. काठावरच्या बांधकामांवर पुराचे पाणी गाळ आणि वाळू आणून टाकते. चौथरे झाकले जातात, चिरे सरकतात, सांध्यांतला चुना निघून जातो आणि त्या फटींत वड-पिंपळाची मुळे शिरतात. पण झाकलेला चौथरा चिरे पळवणाऱ्यांच्या नजरेतूनही वाचतो. राजांच्या दरीत हेच घडले. पुराने आणलेला राडारोडा आणि त्यावर कामगारांनी बांधलेल्या झोपड्या यांखाली तुतनखामेनच्या कबरीचे तोंड दडले, म्हणून ती जवळजवळ अभंग राहिली. दुसऱ्या रामसेसच्या मुलांची विशाल कबर दगडगोट्यांनी भरलेली होती. केंट वीक्स यांच्या पथकाने तिचे आतले मार्ग उघडले, तेव्हा १९९५ मध्ये तिचा खरा विस्तार जगाला कळला. माहुलीतही गाळ उपसताना तो नुसती घाण समजून फावड्याने ओढून टाकू नये, थराथराने काढावा. कोणता चौथरा कोणत्या पातळीवर आहे, यावरून बांधकामांचा आधी-नंतरचा क्रम लावता येतो.

दगड जेथे बोलत नाही तेथे दप्तर बोलते. समाधीच्या नैवेद्याला, दिव्याच्या तेलाला, पुजाऱ्याच्या पोटाला दिलेल्या जमिनीच्या सनदा, त्यांवरचे तंटे, दुरुस्तीच्या खर्चाच्या नोंदी हेच येथले शिलालेख. वढू येथील संभाजी महाराजांची समाधी वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रांच्या आधारेच निश्चित केली. सातारकर महाराज आणि पेशवे यांच्या रोजनिशीतील उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडून ठेवले आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी रुमालांचा मोठा साठा आहे. म्हणून माहुलीत काम करणाऱ्याला कुदळ चालवण्याइतकीच मोडी लिपीही वाचता यायला हवी. इनामाच्या कागदात जमिनीच्या चतुःसीमा दिलेल्या असतात : पूर्वेस नदी, दक्षिणेस अमक्याचा मळा, उत्तरेस देऊळ. त्या आजच्या मोजणीच्या नकाशावर बसवल्या, की अनाम चौथऱ्याच्या ओळखीचा पल्ला दोन-चार शक्यतांवर येतो. मग घडणीकडे पाहायचे : चिऱ्यांचा आकार, चौथऱ्याच्या कडेची कमळपाकळ्यांची पट्टी, पादुकांची कोरणी, चुन्याचा पोत. खोल खणण्याचा मोह येथे टाळावा. खाली दालन नाही, निघालीच तर राख निघेल, आणि तिला हात लावण्याचे काही कारण नाही.

रंगरंगोटी, सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत फरशी यांनी अशा समाध्यांचे जेवढे नुकसान होते, तेवढे कित्येकदा पुरानेही होत नाही, कारण त्याखाली मूळ घडण वाचता येत नाही. महाराष्ट्रात प्राचीन स्मारकांसाठी १९६० चा कायदा आहे. पण माहुलीत एकेक समाधी सुटी धरून भागणारे नाही. दोन्ही तीर, घाट, देवळे आणि समाध्या यांची एकत्र मोजणी, प्रत्येक चौथऱ्याला क्रमांक आणि आरेखन, आणि त्यासोबत संबंधित मोडी कागदांची सूची अशी नोंद व्हायला हवी. त्यासाठी हंगाम उन्हाळ्याचा, पाणी उतरून पात्रालगतचे चौथरे उघडे पडतात तेव्हाचा.