हाडांतील पाचर

कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला म्हणजे सुतार दांडा बदलीत नाहीं. तो त्यांत पाचर ठोकतो. लाकूड भक्कम आणि पोलादहि भक्कम, पण दोहोंचा सांधा ढिला असेल तर हत्यार निरुपयोगी. हा साधा नियम गुडघ्याच्या शस्त्रक्रियेंत पुरता उतरण्यास जवळजवळ एक शतक लागलें.

गुडघ्यांत मांडीचें हाड नडगीच्या हाडावर नुसतें टेकलेलें असतें. त्यांना आवरून धरण्याचें काम अस्थिबंध करतात. त्यांपैकीं दोन अस्थिबंध सांध्याच्या ऐन मध्यभागीं फुलीसारखे एकमेकांस ओलांडून जातात. त्यांतील पुढचा तुटला कीं नडगी पुढें सरकते आणि वळतांना पाय अकस्मात् दगा देतो. जर्मनींतील वेबर बंधूंनीं १८३६ सालीं मनुष्याच्या चालण्याच्या यंत्ररचनेवरील आपल्या ग्रंथांत या बंधांचा विचार केला होता. परंतु त्या काळीं सांधा उघडणें म्हणजे पू होऊन पाय, कित्येकदां प्राणहि, गमावणें होतें. लिस्टरनें १८६७ सालीं आपली जंतुनाशक पद्धति प्रसिद्ध केली, तेव्हां कोठें शस्त्रवैद्यांना धीर आला.

१८९५ सालीं इंग्लंडांतील लीड्स शहरीं मेयो रॉबसन यांच्याकडे एकेचाळीस वर्षांचा एक खाणकामगार आला. खाणींत माती कोसळून त्याच्या गुडघ्यांतील दोन्ही बंध वरच्या बाजूनें हाडापासून उखडले होते. खाणकामगाराचा पाय गेला म्हणजे घरची चूल विझली. रॉबसन यांनीं ते बंध आंतड्याच्या दोऱ्यानें, म्हणजे कॅटगटनें, मूळ जागेजवळ शिवले. सहा वर्षांनंतरहि तो मनुष्य न लंगडतां चालत होता, धांवूंहि शकत होता. १९०३ सालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली.

पण असें यश सर्वांच्या वांट्यास येईना. मध्येंच तुटलेल्या बंधाचीं टोकें झिजून आखडतात; तीं शिवलीं तरी जुळत नाहींत. म्हणून ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्‌ज यांनीं १९१७ सालीं निराळाच मार्ग काढला. मांडीच्या बाहेरच्या अंगास जें जाड आवरण असतें, त्याची पट्टी घेऊन त्यांनीं ती दोन्ही हाडांत पाडलेल्या भोकांतून ओवली. १९६३ सालीं अमेरिकेंतील केनेथ जोन्स यांनीं गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचा मधला भाग, वाटीच्या हाडाच्या तुकड्यासह, याच कामीं योजला. दोर उत्तम मिळाला. तो बांधावयाचा खुंटा मात्र कच्चाच होता. टांके, तारा, चिमटे यांवर सारा भरंवसा. म्हणून आठवडेच्या आठवडे पाय प्लॅस्टरमध्यें आणि स्नायु वाळून जात.

१९८३ सालीं केनेथ लॅम्बर्ट या अमेरिकन शस्त्रवैद्यानें आपली युक्ति प्रसिद्ध केली. भोकांत बसविलेला हाडाचा तुकडा आणि भोकाची भिंत यांच्यामध्यें त्यानें साडेसहा मिलिमीटर जाडीचा स्क्रू पिळला. त्याचें मळसूत्र एका बाजूनें तुकड्यांत व दुसऱ्या बाजूनें भिंतींत रुततें आणि तुकडा जागच्या जागीं आवळला जातो. सुताराची पाचर ती हीच, फक्त तिला आटे पाडलेले!

लवकरच या युक्तीमागील गणितहि उलगडलें. अशी कंडरा मूळ बंधाहून अधिक ताण सोसते, असें १९८४ सालीं नॉईज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. मग कुरोसाका आणि त्यांचे सहकारी यांनीं मृतांच्या गुडघ्यांवर बांधणीच्या निरनिराळ्या रीती ताणून पाहिल्या. १९८७ सालीं त्यांचा निष्कर्ष आला : दोर तुटत नव्हता, बांधणी सुटत होती. नऊ मिलिमीटर जाडीचा, डोकें नसलेला स्क्रू सर्वांत बळकट ठरला.

या स्क्रूलाहि उणिवा आहेत. त्याचे आटे तीक्ष्ण असले तर कंडरा कापली जाते; हाड भुसभुशीत असलें तर पकड सुटते; धातूमुळें चुंबकीय तपासणीचें चित्र बिघडतें. म्हणून पुढें पॉलिलॅक्टिक आम्लाचे, शरीरांत हळूहळू विरणारे स्क्रू निघाले. तेहि निर्दोष नाहींत. कित्येकांना विरण्यास वर्षें लागतात, आणि त्यांच्या जागीं नवें हाड भरेलच असें नाहीं. कांहीं शस्त्रवैद्य स्क्रूऐवजीं हाडाबाहेर अडकणारें बटण पसंत करतात.

परंतु स्क्रू असो वा बटण, त्याचें खरें काम थोड्या दिवसांचेंच. हाडाचा तुकडा भोवतालच्या हाडाशीं साधारण सहा आठवड्यांत सांधतो. नुसत्या कंडरेस याहून अधिक अवधि लागतो. तोंवर रुग्णानें गुडघा वांकवावा, पाय टेकावा, स्नायु राखावे, एवढी मुभा या धातूच्या तुकड्यानें मिळवून दिली. सुताराची पाचर दांडा टिकेल तोंवर भार वाहते. हाडांतील पाचर थोडेच दिवस राखण करते आणि शरीर आपली गांठ आपणच मारतें.